ओळख कशाने पटते?



काल याच व्यासपीठावरून देशाच्या अर्थकारणाचे मोठे गंभीर विवेचन झाले. आज त्याच ठिकाणी उभे राहून आम्ही कोडी घालणार आहो, हे कळल्यामुळेच की काय, पुष्कळ मंडळींनी मागच्या रांगा पसंत केलेल्या दिसतात. आमची तक्रार नाही. वैशाखात वारा मागच्याच रांगांना लागतो.

लहानपणी उन्हाळ्यात अंगणात अंथरुणे पडली की आमची आजी विचारीत असे: भाकरी का करपली? घोडा का अडला? पान का सडले? आम्ही भावंडे तीन प्रश्नांना तीन उत्तरे देत असू आणि आजी तिन्ही नाकारीत असे. तिला एकच उत्तर हवे असे: न फिरवल्यामुळे. हे कोडे आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. काही घरी ते बिरबलाच्या नावावर सांगतात. पण त्याची बांधणी किती नेटकी आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले. नुसते ‘भाकरी का करपली’ असे विचारले तर वीस कारणे देता येतील. जाळ मोठा झाला, पीठ जुने होते, करणारीचे लक्ष दाराकडे होते. घोडा आला की त्यांतली अठरा-एकोणीस गळतात. पान आले की एकच उरते. प्रत्येक नवी वस्तू उत्तरांची गर्दी पांगवीत जाते. तिसरी वस्तू शोभेसाठी घातलेली नसते. ती पहाऱ्यावर उभी असते.

हल्ली प्रश्नमंजूषांमध्ये ‘समान दुवा ओळखा’ म्हणून जो प्रकार असतो तो आजीचाच. तीन-चार नावे सांगायची आणि त्यांना गुंफणारा धागा विचारायचा. त्याच प्रश्नमंजूषांत दुसरा एक लोकप्रिय प्रकार असतो: एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचे अर्कचित्र दाखवायचे आणि ‘हे कोण’ म्हणून विचारायचे. हे दोन खेळ आम्हांला बरीच वर्षे दोन निराळ्या खेळांसारखे वाटत. गेल्या गणेशोत्सवात आमच्या हातून एक चूक झाली, आणि तिने ते एका जागी आणून ठेवले. आजचे भाषण त्या चुकीपोटी जन्मले आहे.

त्याचे असे झाले. आमच्या पेठेतील तरुणांनी शाळाशाळांची प्रश्नमंजूषा भरविली आणि प्रश्न काढण्याचे व निवाडा देण्याचे काम आमच्या गळ्यात घातले. आम्ही पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापले. एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर. अंतिम फेरीत समान दुव्याचा प्रश्न होता: धोंडो केशव कर्वे, पांडुरंग वामन काणे आणि भीमराव रामजी आंबेडकर. पुठ्ठ्याच्या पाठीवर उत्तर होते ‘भारतरत्न’. कर्व्यांना तो सन्मान १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षात मिळाला. काण्यांना १९६३ साली. बाबासाहेबांना १९९० साली, मरणोत्तर. नववीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “रत्नागिरी जिल्हा.” आम्ही पुठ्ठा उलटून पाहिला आणि ‘चूक’ म्हणालो. दुसऱ्या शाळेने ‘भारतरत्न’ सांगितले, टाळ्या झाल्या आणि ढाल त्या शाळेकडे गेली. फरक एका गुणाचा होता.

रात्री झोप येईना. उठून पुस्तके काढली. कर्वे खेड तालुक्यातील शेरवलीस जन्मले आणि मुरूडला वाढले. काणे चिपळूण तालुक्यातले. बाबासाहेबांचा जन्म महूचा, पण घराण्याचे गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. तिन्ही गावे रत्नागिरी जिल्ह्यात. आणखी खोल गेलो तर मुरूड दापोली तालुक्यात. काण्यांचे वडील दापोलीस वकिली करीत आणि त्यांचे शिक्षण तेथेच झाले. रामजी सुभेदारही लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ कुटुंबासह दापोलीस राहिले होते. पोरीने सांगितलेला दुवा आमच्या दुव्याहून कितीतरी जवळचा निघाला. भारतरत्न त्यांना राष्ट्रपतींनी जोडले म्हणून एकत्र आले. दापोलीची तांबडी माती त्यांच्या पायांना लहानपणीच लागली होती.

असो. ढालीकडे शेवटी येऊ. आधी त्याच संध्याकाळच्या दुसऱ्या फेरीबद्दल सांगितले पाहिजे.

त्या फेरीत आम्ही चित्रे दाखवीत होतो. पहिल्या कागदावर नुसता गोल काड्यांचा चष्मा होता. डोळे नाहीत, चेहरा नाही. कागद पुरता उलगडण्याआधीच चारही संघ ओरडले, “गांधीजी!” यात नवल नाही. २०१४ साली निघालेल्या स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह म्हणजे हाच चष्मा, आणि २०१६ नंतरच्या नोटांवर तो आपल्या खिशात फिरतो आहे. ते चिन्ह आपल्या कोल्हापूरच्या एका आरेखनकाराने काढलेले आहे, हे जाता जाता सांगण्याचा मोह आवरत नाही. दुसऱ्या कागदावर नाकाखाली बसलेली आखूड, चौकोनी मिशी होती. एका संघाने सांगितले “चार्ली चॅप्लिन”, दुसऱ्याने “हिटलर”. दोघांचेही बरोबर! ही दोन माणसे १८८९ च्या एप्रिलमध्ये चार दिवसांच्या अंतराने जन्मली, एकाने जगाला हसविले आणि दुसऱ्याने रडविले, आणि १९४० साली पहिल्याने दुसऱ्याची नक्कल करणारा बोलपट काढला तो या मिशीच्या आधारावर. नुसत्या मिशीवर त्यांतला एक निवडता येत नाही. वर डोक्याला गोल टोपी घातली की हिटलर गळतो. म्हणजे येथेही पुन्हा आजीचे पान आलेच.

आपल्याकडील नैयायिकांनी या गोष्टीचा फार बारकाईने विचार करून ठेवला आहे. वस्तूचे लक्षण सांगताना तीन दोष होतात असे ते म्हणतात, आणि उदाहरणाला गाय घेतात. ‘शिंगे असते ती गाय’ म्हटले तर म्हैस आणि बकरीही आत येतात, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस असते ती गाय’ म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते; ही अव्याप्ती. ‘जिचा खूर अखंड असतो ती गाय’ म्हटले तर एकही गाय हाती लागत नाही, हा असंभव. मग खरे लक्षण कोणते? गळ्याखाली लोंबणारी कातडी, जिला शेतकरी पोळी म्हणतो आणि शास्त्री सास्ना म्हणतात. आम्ही शाळेत असताना हे घोकले आणि परीक्षेनंतर विसरलो. अर्कचित्रकार मात्र ते न घोकता रोज वापरतो. माणसाच्या चेहऱ्यात दोन डोळे, एक नाक आणि एक तोंड असतेच. ती शिंगे झाली. चित्रकार त्या माणसाची सास्ना शोधीत असतो.

अर्कचित्र या आमच्या शब्दाचीही एक गंमत आहे. युरोपात या कलेला जे नाव आहे ते इटालियन भाषेतून आलेले असून त्याच्या मुळाशी ‘ओझे लादणे’ असे क्रियापद आहे. गाडीवर माल लादावा तसे चेहऱ्यावर काहीतरी लादायचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्याच्या आन्निबाले कार्राच्ची या चित्रकाराने अशी चित्रे काढली, आणि त्याच्या चित्रांच्या एका संग्रहाच्या प्रस्तावनेत १६४६ साली तो शब्द छापला गेला. पुढे बर्निनी या थोर शिल्पकाराला तसला नाद होता. कार्डिनल शिपिओने बोर्गेझे याचा संगमरवरी अर्धपुतळा त्याने घडविला, दगडाला चीर दिसली म्हणून दुसरा घडविला; आणि त्याच कार्डिनलचे अर्कचित्र त्याने शाईच्या चारसहा फटकाऱ्यांत उरकले. आता पाहा, तिकडचा शब्द म्हणतो लादा, आणि आपला शब्द म्हणतो काढून घ्या. फुलांची रास भट्टीवर चढवायची आणि तिच्यातून थेंबभर अत्तर तेवढे काढून घ्यायचे, याला आपण अर्क म्हणतो. एकाच कामाला दोन भाषांनी अगदी उलट नावे दिली. खरे कोणाचे?

या प्रश्नाचा निकाल लावणारे साधन निघाले ते संगणकामुळे. अमेरिकेतील सुसान ब्रेनन या विदुषीने १९८२ साली अर्कचित्र काढणारी एक योजना तयार केली. पुष्कळ चेहऱ्यांचे माप घेऊन एक सरासरी चेहरा बनवायचा. मग ज्याचे चित्र काढायचे त्याचा चेहरा या सरासरीवर ठेवायचा आणि जेथे जेथे तो तिच्याहून निराळा पडतो तेथे तेथे तो निराळेपणा वाढवीत न्यायचा. नाक सरासरीहून रतिभर लांब असेल तर ते तोळाभर लांब करायचे. हनुवटी सरासरीएवढीच असेल तर तिला हात लावायचा नाही. आपल्या लक्षात येईल की येथे दोन्ही शब्द खरे ठरतात. आधी सर्वांत जे सारखे आहे ते वजा केले, हा अर्क. मग जे उरले ते दुप्पट केले, हे ओझे. १९८७ साली ब्रेनन आणि तिच्या सहकारी संशोधक यांनी या चित्रांची परीक्षा घेतली. ओळखीच्याच माणसांचे साधे रेखाचित्र, वाढविलेले चित्र आणि सरासरीकडे झुकवून सौम्य केलेले चित्र अशी तिन्ही दाखविली. सर्वांत लवकर ओळखले गेले ते वाढविलेले चित्र, आणि सर्वांत उशिरा सौम्य केलेले. मूळ चेहऱ्याशी अधिक इमान राखणारे साधे चित्र मध्ये अडकले. डोक्याच्या कोठारात आपण माणसांचे चेहरे ठेवतो ते कदाचित फोटोंसारखे ठेवीत नसू. सरासरीपासून कोण किती आणि कोणत्या दिशेस दूर आहे, एवढीच टिपणे ठेवीत असू. लग्नसमारंभात ज्याचे नाव आठवत नाही तो बहुधा ‘चांगला दिसणारा, पण काहीतरी होता बुवा’ असाच असतो.

तेव्हा दोन्ही खेळांचे नाते उघड झाले. समान दुव्याच्या कोड्यात निरनिराळ्या गोष्टींतील फरक पुसून सारखे तेवढे उचलायचे असते. अर्कचित्रात सारखे तेवढे पुसून फरक उचलायचा असतो. वजाबाकी तीच, पाटीवर काय ठेवायचे एवढे मात्र उलट.

या दोन्ही क्रिया एकाच कागदावर, आणि तीही न्यायालयात, करून दाखविणारा एक माणूस होऊन गेला. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. १८३० साली फ्रान्समध्ये क्रांती होऊन लुई फिलिप हा राजा गादीवर आला. मुद्रणस्वातंत्र्याची आश्वासने दिली गेली. त्याच वर्षी शार्ल फिलिपाँ याने पॅरिसमध्ये अर्कचित्रांचे साप्ताहिक काढले, आणि राजाला त्यात सुखाने राहू दिले नाही. राजाचे गाल खाली सुटलेले, कपाळाकडे डोके निमुळते, वर केसांचा झुबका. १८३१ च्या नोव्हेंबरात राजाच्या अपमानाबद्दल फिलिपाँवर खटला उभा राहिला. त्याने न्यायाधीशांसमोर चार चित्रे काढली. पहिले राजासारखे होते. दुसरे पहिल्यासारखे होते, पण गाल थोडे अधिक सुटलेले. तिसरे दुसऱ्यासारखे, आणि त्यात नाकडोळे विरत चाललेले. चौथी चक्क नासपती होती! त्याच्या म्हणण्याचा भाव असा: पहिले चित्र राजासारखे दिसते म्हणून तुम्ही ते गुन्हा ठरविणार, मग दुसरे पहिल्यासारखे आहे, तिसरे दुसऱ्यासारखे आहे, चौथे तिसऱ्यासारखे आहे. मला शिक्षा करायची तर देशातल्या साऱ्या नासपतींवर खटले भरा.

हा युक्तिवाद मोठा लबाड आहे आणि मोठा खोलही आहे. कोणत्याही दोन शेजारच्या चित्रांत सारखेपणा आहे. पण पहिल्या आणि चौथ्या चित्रांत तो शोधू गेले तर हाती काय लागते? राजाला नाक होते, नासपतीला नाही. धागा पायरीपायरीला आहे, पण तो एकच धागा नाही. ‘तो याच्यासारखा, हा त्याच्यासारखा, म्हणून सगळे एकच’ हे अनुमान न्यायालयात ठेवून फिलिपाँने सरकारचेच शस्त्र सरकारवर उलटविले. न्यायाधीशांना ते पटले नाही. सहा महिन्यांची कैद आणि दोन हजार फ्रँक दंड झाला. पण त्याचा खरा विजय न्यायालयाबाहेर झाला. पॅरिसच्या भिंतीभिंतींवर पोरेसोरे नासपती काढू लागली, आणि प्रत्येक जण ती पाहून राजाला ओळखू लागला. त्याच्याच साप्ताहिकातील चित्रकार ओनोरे दोमिए यालाही राजाचे खादाड राक्षसाच्या रूपात चित्र काढल्याबद्दल १८३२ साली तुरुंगात जावे लागले. १८३५ च्या सप्टेंबरात कायदाच झाला की पूर्वपरवानगीवाचून चित्र छापायचे नाही. शब्दांना तशी परवानगी लागत नव्हती. चित्राचे भय शब्दाहून अधिक, याची सरकारी कबुली याहून स्पष्ट कोणती हवी?

आता आपल्याकडे येऊ. वसंत सरवटे यांनी मराठी साहित्यिकांची जी अर्कचित्रे काढली ती पाहताना लेखकाचा चेहरा पाहतो आहो की त्याची लेखनशैली, असा संभ्रम पडतो. ती अस्सल सास्नेची चित्रे आहेत. याउलट आर. के. लक्ष्मण यांचा ‘सामान्य माणूस’. चौकटीचा कोट, धोतर, टकलाच्या कडेने थोडे पांढरे केस, आणि तोंडातून शब्द नाही. १९५१ पासून तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर उभा राहिला. हे अर्कचित्र कोणाचे? कोणाचेच नाही. लक्ष्मण यांनी स्वतःच त्याची जन्मकथा सांगितली आहे. प्रारंभी ते चित्राच्या पार्श्वभूमीस प्रांतोप्रांतीची माणसे काढीत. बंगाली, मद्रासी, पंजाबी असे वेगवेगळे पोशाख. छपाईची वेळ गाठायची असल्याने हळूहळू माणसे कमी होत गेली आणि शेवटी एक उरला. म्हणजे घाईने समान दुव्याचे कोडे सोडविले! त्या माणसाचा पुतळा २००१ सालापासून पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात उभा आहे. ज्याला चेहरा नाही त्याचा पुतळा होतो, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला त्यात आपला काका दिसतो.

येथवर सर्व मौजेचे झाले. पण ही वजाबाकी चुकीच्या ठिकाणी केली तर काय होते तेही पाहिले पाहिजे. नाहीतर एका ढालीसाठी आपणांस तासभर बसविले असे होईल.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज पंडिताने १८७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तुरुंगखात्याकडून त्याने अट्टल गुन्हेगारांची छायाचित्रे मिळविली आणि एकाच काचेवर थोडा थोडा वेळ एकेक चेहरा उमटवून त्यांचे संयुक्त चित्र काढले. त्याचा हेतू असा की व्यक्तिगत फरक पुसले जातील आणि गुन्हेगारीचा म्हणून जो समान दुवा असेल तो वर येईल. चित्र धुऊन पाहतो तो काय! एकेकट्या चेहऱ्यावर जे उग्र, ओबडधोबड होते ते सर्व नाहीसे झाले होते, आणि समोर एक बऱ्यापैकी सज्जन दिसणारा गृहस्थ होता. दुष्टपणाची खूण प्रत्येकाची निराळी. समान होते ते माणूसपण. गाल्टनने हे प्रांजळपणे लिहून ठेवले. तरी वंश सुधारण्याच्या आपल्या कल्पनेपासून तो मागे फिरला नाही.

दुसरी चूक याच्या उलट. अर्कचित्राची रेघ एका माणसाच्या नाकावरून उचलायची आणि ती सबंध जमातीच्या नाकावर बसवायची. १९२३ साली जर्मनीत युलिउस श्ट्रायखर याने ‘डेर श्टुर्मर’ नावाचे पत्र काढले आणि त्यात आठवड्यामागून आठवडा ज्यू माणसाचे एकच विद्रूप चित्र छापले. ते कोणा एका माणसाशी जुळत नव्हते, आणि म्हणूनच ते प्रत्येकावर चिकटविता आले. एक पिढी ती चित्रे पाहत वाढली आणि शेजारच्या दुकानदाराला न पाहता ओळखू लागली. श्ट्रायखरने स्वतःच्या हाताने कोणाचा जीव घेतल्याचा आरोप नव्हता. द्वेष पेरल्याबद्दल नुरेंबर्गच्या न्यायासनाने त्याला दोषी ठरविले आणि १९४६ च्या ऑक्टोबरात तो फासावर गेला. नैयायिकांच्या भाषेत ही अतिव्याप्तीच. पण गाय आणि म्हैस यांच्या गोंधळात कोणी मरत नाही. जर्मनी दूर आहे असे म्हणून आम्ही पुढे सरकलो असतो, पण रेल्वेच्या डब्यात नवा उतारू शेजारी बसताच आपण पहिल्या दोन वाक्यांत आडनाव विचारतो आणि तिसऱ्या वाक्याला स्वर बदलतो, ते चित्र आम्हांला परके वाटत नाही. आमच्या खिशातही अशी पुठ्ठी पुष्कळ आहेत. एका बाजूस नाव आणि दुसऱ्या बाजूस आधीच लिहून ठेवलेले उत्तर.

त्या मुलीचेही आम्ही हेच केले होते. तिचे उत्तर आम्ही तपासले नाही. पुठ्ठा उलटून पाहिला.

दसऱ्यानंतर आम्ही तिच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांच्या परवानगीने वर्गात उभे राहून सांगितले की उत्तर बरोबर होते आणि निवाडा चुकला होता. वर्गाने बाके वाजविली. ढालीचे काय, असे एकाने विचारले. दुसऱ्या शाळेतल्या मुलांनीही बरोबरच उत्तर दिले होते. त्यांच्या कपाटातून ती कोणत्या तोंडाने मागावी? आम्ही निरुत्तर झालो. ती मुलगी मात्र ढालीबद्दल काही बोलली नाही. तिने तो पुठ्ठा मागून घेतला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाली,

“सर, चौथं नाव लता मंगेशकरांचं घालायला हवं होतं. त्यांना २००१ मध्ये भारतरत्न मिळालं, पण जन्म इंदूरचा आणि घराणं गोव्याचं. मग आमचं उत्तर बसलंच नसतं.”

पुठ्ठ्यावर आता चार नावे आहेत. चौथे तिच्या अक्षरात आहे.